मध, मकरंद आणि पराग

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत आपण मला बोलावलेत, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. विषय जाहीर झाल्यावर एक-दोन स्नेह्यांनी मला विचारले, की मराठीच्या प्राध्यापकाने फुलांच्या अंतर्रचनेवर बोलण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दाच्या चुकीमुळे, ती चूक माझी होती आणि ती दुरुस्त करण्यासाठी मी प्रथम आलो तो याच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात. म्हणून हा विषय येथेच मांडावा असे वाटले.

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात एक जुनी कविता शिकवीत होतो. कवितेत भ्रमर होता, कमळ होते आणि अर्थातच मधुपान होते. 'भ्रमर फुलातला मध पितो' हे वाक्य मी त्यापूर्वी कितीतरी वर्षे वर्गात उच्चारले असेन. त्या दिवशी मागच्या बाकावरचा खानापूर तालुक्यातला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, फुलात कुठं मध असतोय? मध पोळ्यात असतोय. फुलात नुसतं गोड पाणी." वर्ग हसला. मीही हसून वेळ निभावून नेली. तास संपल्यावर मात्र त्याला बोलावून घेतले. त्याचे आजोबा सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवीत असत. मध कसा होतो हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. मी ते फक्त वाचले होते, आणि तेही नीट वाचले नव्हते.

त्या दिवसापासून मी तीन शब्द वेगळे करायला शिकलो: मध, मकरंद आणि पराग. आजचे व्याख्यान म्हणजे या तीन शब्दांचा खुलासा आहे.

पराग म्हणजे फुलातील पुंकेसरांवर तयार होणारी भुकटी. बीज धरण्यासाठी ती त्याच जातीच्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाशी, म्हणजे कुक्षीवर, पोचावी लागते. मकरंद म्हणजे फुलात पाझरणारा पातळ गोड रस. तो मुख्यतः पाणी आणि साखर यांचा असतो. त्यात उसाची साखर, द्राक्षशर्करा आणि फलशर्करा या तिन्ही कमीअधिक प्रमाणात असतात, शिवाय अमिनो आम्लांसारखे पदार्थ अल्प मात्रेत असतात. मध ही तिसरीच वस्तू आहे. मधमाशी मकरंद आपल्या मधाच्या पिशवीत भरून पोळ्यात आणते. तेथे माश्या त्यात आपले पाचक रस मिसळतात, तोंडातोंडी तो फिरवतात, पंखांनी वारा घालून त्यातले पाणी आटवतात. पाण्याचा अंश विसाच्या आसपास टक्क्यांवर आला की घरावर मेणाचे झाकण घालतात. तेव्हा त्याला मध म्हणायचे. उसाचा रस आणि गूळ यांत जो फरक, तोच मकरंद आणि मध यांत. 'फुलातला मध' म्हणणे हे 'उसातला गूळ' म्हणण्यासारखे आहे. कोश उघडला तर मकरंदापुढे 'फुलातील मध' असा अर्थ सापडतो आणि बोलण्यात तर मकरंदाला सर्रास पराग म्हटले जाते. तीन वस्तूंची नावे आपण एकाच डब्यात ठेवली आहेत.

आता हा मकरंद फुलात येतो कोठून? वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मकरंद स्रवणाऱ्या ग्रंथींना मधुप्रपिंड म्हणतात. शब्द जड आहे आणि आताच आपण पाहिले त्याप्रमाणे त्यातील 'मधु'ही फसवा आहे. पण वस्तू साधी आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती जिभेने ओळखलेली आहे. लहानपणी कुंपणावरच्या अडुळशाचे पांढरे फूल ओढून त्याचा मागचा भाग ज्यांनी चोखला असेल, किंवा पेंडगुळाच्या लाल फुलातली बारीक दांडी अलगद ओढून तिच्या टोकाचा थेंब ज्यांनी चाखला असेल, त्यांनी मकरंदाच्या ग्रंथीपर्यंतचा प्रवास केलेला आहे.

अडुळशाचेच फूल घेऊ. ते दोन ओठांचे असते. वरचा ओठ टोपीसारखा वाकलेला आणि त्याच्या आडोशाला दोन पुंकेसर. खालचा ओठ पुढे आलेला, जणू पाहुण्याला उतरण्यासाठी ठेवलेला पाट. त्यावर जांभळट गुलाबी रेघा असतात आणि त्या सगळ्या आत, घशाकडे जातात. घशाच्या पुढे आखूड नळी, नळीच्या तळाशी बीजांडकोश आणि बीजांडकोशाच्या पायथ्याशी मांसल कड्यासारखी एक चकती. ही चकती म्हणजे मकरंदाची ग्रंथी. मोठा भुंगा खालच्या ओठावर उतरतो, रेघांच्या मागाने डोके आत घालतो, सोंड तळापर्यंत पोचवतो. तेवढ्यात वरच्या टोपीतले पुंकेसर त्याच्या पाठीवर पराग टेकवतात. भुंग्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या फुलात तो असाच वाकला की पाठीवरचा पराग तेथल्या कुक्षीला लागतो. मकरंद फुलाच्या तोंडाशी न ठेवता तळाशी ठेवण्याचे कारण हे आहे. पाहुण्याने वाकल्याखेरीज पान वाढायचे नाही आणि वाकला की त्याच्या नकळत आपले टपाल त्याच्या पाठीवर द्यायचे.

ही चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर काय दिसते? पातळ भित्तिका असलेल्या, जीवद्रव्याने गच्च भरलेल्या लहान पेशींचा एक थर किंवा पुंजका. त्याच्या अगदी जवळपर्यंत अन्नरस वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची टोके आलेली असतात. पानांत उन्हाच्या बळावर तयार झालेली साखर या वाहिन्यांतून येथे पोचते. ग्रंथीच्या पेशी ती घेतात, तिच्यात आपापल्या जातीप्रमाणे बदल करतात आणि बाहेर सोडतात. साखर पेशीबाहेर नेणारे एक प्रथिन २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखले. त्याचे नावच 'स्वीट-९' असे आहे. रस बाहेर पडण्याच्या वाटाही निरनिराळ्या आहेत. काही फुलांत पानांवरच्या रंध्रांसारखी, पण कायम उघडी राहिलेली रंध्रे असतात. काहींत बारीक ग्रंथिल केस असतात आणि काहींत रस बाह्य त्वचेच्या पातळ आवरणातूनच झिरपतो. म्हणजे मकरंद हा फुलाला आलेला घाम नव्हे. पानांनी मिळवलेल्या कमाईतून मुद्दाम बाजूला काढलेला तो खर्च आहे. पुष्कळ वनस्पती न वापरला गेलेला मकरंद पुन्हा शोषून घेतात. खर्च उरला तर तो तिजोरीत परत जमा होतो.

ही ग्रंथी फुलाच्या कोणत्या भागावर असावी याला निसर्गाने एकच नियम ठेवलेला नाही. आंब्याच्या मोहोरातल्या चिमुकल्या फुलात ती उघड्या चकतीच्या रूपात असते. म्हणून लांब सोंड नसलेल्या साध्या माश्याही तेथे पोट भरतात आणि आंब्याचे परागीभवन बरेचसे त्याच करतात. मोहरीच्या फुलात ती पुंकेसरांच्या बुडाशी लहान हिरव्या गाठींसारखी असते. केळीच्या फुलात ती बीजांडकोशाच्या आतल्या पडद्यांतील फटींत दडलेली असते. जास्वंदीत आणि काटेसावरीत ती पाकळ्यांवर नसून त्यांच्याखालच्या वाटीच्या, म्हणजे निदलपुंजाच्या, आतल्या अंगावर ग्रंथिल केसांच्या दाट लवेसारखी असते. पावसाळ्यात आपल्या माळांवर फुलणाऱ्या तेरड्याने तर आणखी वेगळी युक्ती केली आहे. त्याच्या एका निदलाला मागे शेपटीसारखी बारीक पोकळ नळी असते आणि मकरंद त्या शेपटीच्या टोकात असतो. जेवढी नळी लांब, तेवढ्या लांब सोंडेचा पाहुणा हवा. ग्रंथी कोठे ठेवायची, यावरूनच कोणाला बोलवायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे, हे ठरते.

मित्रहो, हे रहस्य प्रथम कोणी उलगडले, याची हकीकत मला विशेष जवळची वाटते. कारण तो मनुष्य भाषा शिकवणारा शिक्षक होता. लिनियसने फुलांतील या भागांना लॅटिन नाव दिले, परंतु ते कशासाठी आहेत हे सांगितले नाही. ते सांगितले क्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल याने. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथील शाळेचा हा मुख्याध्यापक. त्याचे शिक्षण धर्मशास्त्राचे आणि भाषाशास्त्राचे. १७८७ साली एका रानफुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी त्याला मऊ बारीक केस दिसले. आपण ते पाहून विसरलो असतो. हा गृहस्थ विचार करू लागला, की निर्मात्याने एक केसही निष्कारण ठेवला नसेल, तर हे केस कशासाठी? त्याने ओळखले, की तळाशी मकरंद आहे आणि पावसाचे थेंब त्यात मिसळू नयेत म्हणून हे केस आहेत. मग पुढचा प्रश्न: मकरंद कोणासाठी जपायचा? कीटकांसाठी. पुढे दुसऱ्या एका लहान निळ्या फुलाच्या घशाभोवती त्याला पिवळे वलय दिसले आणि ते कीटकाला मकरंदाची वाट दाखवणारे चिन्ह आहे असे त्याने मांडले. रात्री उमलणाऱ्या फुलांना अशी चिन्हे नसतात, कारण अंधारात ती दिसणार कोणाला, हेही त्याच्या लक्षात आले. अडुळशाच्या ओठावरच्या रेघा आठवा; त्या याच जातीच्या.

स्प्रेंगेलने शेकडो जातींची निरीक्षणे करून १७९३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्याची नोकरी गेली. शाळेपेक्षा फुलांकडे त्याचे लक्ष अधिक, असा त्याच्यावर आरोप होता. उरलेले आयुष्य त्याने बर्लिनमध्ये शिकवण्या करून काढले. १८१६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या ग्रंथाला फारसे वाचक नव्हते. पण ग्रंथ कोठे ना कोठे कपाटात होता. १८४१ मध्ये चार्ल्स डार्विनने तो वाचला आणि त्यातले सत्य ओळखले. वाचकाची पन्नास वर्षे वाट पाहणाऱ्या पुस्तकाची ही गोष्ट ग्रंथालयात सांगितली पाहिजे असे मला वाटते. अनेक दशकांत एकदाही नोंदले न गेलेले पुस्तक रद्दीत काढावे की ठेवावे, हा प्रश्न आपल्या कार्यकारिणीपुढे अधूनमधून येतो, म्हणून.

डार्विनने हा धागा कोठवर नेला, त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६२ च्या प्रारंभी त्याच्याकडे मादागास्कर बेटावरच्या एका पांढऱ्या आमरीची फुले आली. फुलाच्या मागे लोंबणारी नळी साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर लांब आणि मकरंद फक्त तळच्या दीड इंचात. डार्विनने लिहिले, की ज्याची सोंड एवढी लांब होऊ शकते असा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे. काही कीटकशास्त्रज्ञांनी या तर्काची थट्टा केली. १९०३ साली, डार्विनच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, तसा पतंग नोंदला गेला आणि त्याच्या नावात 'भाकीत केलेला' या अर्थाचा लॅटिन शब्द घालण्यात आला. तो पतंग त्या फुलावर प्रत्यक्ष दिसायला मात्र १९९२ साल उजाडले. मकरंदाची ग्रंथी पाहून, न पाहिलेल्या पाहुण्याच्या सोंडेची लांबी सांगता येते, एवढे हे नाते घट्ट आहे.

पण मकरंद तळाशी लपलेला. तो आहे हे पाहुण्याला कळणार कसे? त्यासाठी रंग आणि गंध. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, मात्र आपल्या डोळ्यांना न दिसणारा जंबुपार किरणांचा रंग तिला दिसतो. आपल्याला एकरंगी वाटणाऱ्या कित्येक पिवळ्या फुलांवर तिला मध्याकडे नेणारी ठळक नक्षी दिसत असते. पक्ष्यांना लाल रंग उत्तम दिसतो. माघ-फाल्गुनात खानापूरच्या किंवा चोर्ल्याच्या वाटेला लागलो, की निष्पर्ण झालेल्या पळस, पांगारा, काटेसावर यांच्या लाल-केशरी फुलांनी रान पेटल्यासारखे दिसते. हे निमंत्रण मुख्यतः पक्ष्यांना आहे. काटेसावरीच्या जाड वाट्यांवर मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, शिंजीर यांची सकाळी पंगत बसते. पक्ष्यांसाठी असलेला मकरंद पातळ असतो, साखर सर्वसाधारणपणे वीस-पंचवीस टक्के, पण तो भरपूर असतो. माश्यांसाठीचा मकरंद थोडा, पण बहुधा अधिक दाट. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पळसाचे बारकाईने निरीक्षण केले. पळसावर अनेक जातींचे पक्षी येतात, पण पराग योग्य जागी पोचवणारा खरा वाहक म्हणजे जांभळा शिंजीर, आणि त्याच्या जोडीला आपली तीन पट्ट्यांची खार. बाकीचे बरेचसे पाहुणे नुसते जेवून जाणारे.

काही फुले आपल्या दारावरची पाटीही बदलतात. आपल्या कुंपणांत माजलेली घाणेरी पाहा. एकाच गुच्छात पिवळी आणि तांबडी फुले असतात. उमलताना फूल पिवळे असते आणि त्यात मकरंद असतो. पुढे ते केशरी-तांबडे होते. फुलपाखरे पिवळ्याकडेच वळतात, तांबडी फुले दुरून गुच्छ ठळक दिसण्यापुरती उरतात. ज्या वेलीला आपण घरोघरी मधुमालती म्हणतो, तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, रात्री त्यावर लांब सोंडेचे पतंग येतात, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी आणि मग लाल होते. रात्रीच्या आणि दिवसाच्या पाहुण्यांसाठी एकाच फुलाचे वेगळे वेष.

अलीकडच्या संशोधनात आणखी नवलाच्या गोष्टी आढळल्या आहेत. कॉफीच्या आणि लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फुलांच्या मकरंदात अगदी थोडे कॅफिन असते. त्यामुळे मधमाशीला त्या फुलाचा गंध अधिक काळ लक्षात राहतो, असे २०१३ मध्ये दाखवले गेले. इस्रायलमधील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले, की समुद्रकाठच्या एका पिवळ्या फुलाला उडणाऱ्या माशीचा गुणगुणाट ऐकवला, तर तीन मिनिटांत त्याच्या मकरंदातील साखरेचे प्रमाण वाढते.

या व्यवहारात सगळेच सरळ असतात असे मात्र नाही. भुंगे पुष्कळदा लांब नळीच्या फुलाला बुडाशी छिद्र पाडून परागाला न शिवता मकरंद चोरतात. शिंजीरही जास्वंदीच्या बुडाशी चोच खुपसतो. फुलेही फसवतात. देवळासमोरचा पांढरा चाफा रात्री घमघमतो, पतंग ओढले जातात, नळीत सोंड घालतात आणि रिकाम्या सोंडेने परत फिरतात. कारण चाफ्यात मकरंद नसतोच. परागाची ने-आण मात्र होऊन जाते. मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला हा वृक्ष आपल्याकडे देवाचा झाला, पण त्याचा व्यवहार असा आहे.

आता मी माझ्या मूळ कवितेकडे येतो. आपल्या काव्यपरंपरेने भ्रमराला कधी रसिक, कधी चंचल प्रियकर, कधी लुटारू ठरवले आणि फुलाला केवळ लुटली जाणारी सुंदरी. आतापर्यंत पाहिलेल्या रचनेवरून हे चित्र अपुरे ठरते. फूल लुटले जात नाही आणि दानही करीत नाही. ते मोजून खर्च करते, पाहुणा निवडते, त्याला वाकायला लावते आणि आपले काम करून घेते.

या संदर्भात ज्ञानेश्वरीची आठवण होते. पहिल्या अध्यायात, हा ग्रंथ कसा सेवन करावा हे सांगताना ज्ञानदेवांनी भ्रमराचा दृष्टान्त दिला आहे. भ्रमर घेऊन जातात आणि कमळाच्या पाकळ्यांना ते कळतही नाही, असा त्याचा आशय. ही ओवी मी वर्षानुवर्षे शिकवली आणि दर वेळी स्पष्टीकरणात 'मध' म्हणत आलो. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर येथे बसून ओवी पुन्हा नीट वाचली, तेव्हा दिसले, की ज्ञानदेवांनी मध म्हटलेलेच नाही. त्यांचा शब्द 'पराग' आहे. पुढे वनस्पतिशास्त्राची पुस्तके चाळताना कळले, की कमळाच्या फुलात मकरंदाच्या ग्रंथी नसतात. कमळाकडे येणाऱ्या कीटकांना मिळतो तो मुख्यतः पराग आणि ऊब. कमळाचे फूल आपले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा वाढवून तीस ते छत्तीस अंशांच्या आसपास राखते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले आहे. ज्ञानदेवांना वनस्पतिशास्त्र ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. तसे करणे त्यांच्यावरही अन्याय आहे. मी एवढेच म्हणेन, की शके १२१२ मधला त्यांचा शब्द बरोबर होता आणि त्यावर भाष्य करणाऱ्या माझा चुकीचा. मी मूळ शब्द वाचलाच नव्हता. त्या जागी सवयीचा शब्द वाचला होता. शिक्षकाच्या हातून याहून मोठी चूक होत नाही.

शब्दांच्या या गोंधळाने असे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. फुलात आयता मध असतो असे मानले, की माशी ही केवळ तो उचलणारी हमाल ठरते; ती नसली तर दुसरा कोणी उचलील. पण माशी गेली तर मध होतच नाही आणि परागही जागचा हलत नाही. त्या विद्यार्थ्याने मला सांगितलेली दुसरी गोष्ट हीच होती. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूची साथ दक्षिण भारतात पसरली आणि सातेरी माश्यांच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. त्याच्या आजोबांच्या पेट्या त्याच साथीत रिकाम्या झाल्या. त्यानंतरच्या दोन हंगामांत परसातल्या भाजीलाही फळ कमी धरले, असे आजोबा म्हणत असत. हे एका घरातले निरीक्षण झाले. जगभराचा हिशेब २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आंतरशासकीय मंचाने मांडला आहे. जगातील प्रमुख खाद्य पिकांच्या प्रकारांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक प्रकार थोड्याफार प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत.

मकरंदाच्या रचनेमुळेच आज एक नवे संकट त्याच्यापर्यंत पोचले आहे. निओनिकोटिनॉइड वर्गातली कीटकनाशके बियाण्याला लावली जातात आणि रोप वाढताना त्याच्या सर्वांगात भिनतात. ज्या शरीरातून ग्रंथीपर्यंत साखर येते, त्याच शरीरातून या विषाचा अंशही मकरंदात आणि परागात उतरतो. पाहुण्यासाठी वाढलेल्या पानातच ते येते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या वर्गातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा मराठीतून फार थोडी होते. ज्या समाजाच्या भाषेत मध, मकरंद आणि पराग हे तीन शब्द वेगळे राहिले नाहीत, त्या समाजाला विष नेमके कशात उतरले हे तरी कसे सांगायचे?

सह्याद्रीतली कारवी सात वर्षे केवळ पाने वाढवते आणि आठव्या वर्षी एकदम फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये अशी फुलली. त्या मोसमात डोंगर जांभळे होतात, माश्यांची झुंबड उडते आणि कारवीचा मध मिळतो. मग झाड बी टाकून मरते. आठ वर्षांची कमाई एका मोसमात मांडायची ती कोणीतरी येईल या भरवशावर. त्या मोसमात माश्याच नसतील तर कारवीला दुसरी संधी नाही.

शंभर वर्षांपूर्वी या गावातल्या काही मराठी माणसांनी वर्गणी काढून कपाटे भरली, तीही कोणीतरी येईल याच भरवशावर. सीमेवरच्या गावात मराठी ग्रंथालय चालवणे सोपे नव्हते आणि आजही नाही. सभासदसंख्या घटते आहे, वाचनकक्षातली बाके रिकामी असतात, हे वार्षिक अहवालात आपण सगळे वाचतो. ज्ञानदेवांनी दृष्टान्त दिला तो ग्रंथ वाचण्याविषयीच होता: ग्रंथाला धक्का न लावता त्यातले घ्यावे. आज मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की भ्रमर घेऊन जातो तो पराग तो एकटा ठेवून घेत नाही. तो पुढच्या फुलाला पोचवतो, म्हणून फळ धरते. आपण येथून पुस्तक घरी नेतो, वाचतो, मुदतीत परत करतो. एवढ्याने वाचकाचे काम अर्धेच होते. वाचलेले दुसऱ्या कोणापाशी बोलले पाहिजे, घरातल्या मुलाला येथवर आणले पाहिजे.

तो विद्यार्थी आता खानापूर तालुक्यातल्याच एका शाळेत शिक्षक आहे. आजोबांच्या दोन पेट्यांत त्याने पुन्हा सातेरी बसवली आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने मला मधाची एक बाटली आणून दिली. तिच्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'मध. मकरंद नव्हे.' ती बाटली रिकामी झाली आहे, चिठ्ठी मी माझ्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीत, पहिल्या अध्यायात ठेवली आहे.